मापात बसवलेली जाकिटं

टेपमावशीला टेपमावशी का म्हणतात, हे गल्लीत कुणी विचारायचं नाही. मोजायची टेप दिवसभर गळ्यात. अंघोळीला जाताना तरी ती काढते की नाही, याबद्दल समोरच्या किराणावाल्या शेठना दाट शंका होती, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवायचेही. मावशी शिवणकाम करायची. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. हात असा पक्का की कापड फाटेल, पण हिची शिवण उसवणार नाही. स्वभाव मात्र विचित्र. कुठे दोरा लोंबताना दिसला की हिचा जीव कासावीस. रस्त्यात उभं राहून बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचा दोरा दातानं तोडून मोकळी व्हायची. समोरचा ओळखीचा असलाच पाहिजे, अशी काही अट नव्हती.

तर झालं असं, की ही गल्ली नदीच्या अगदी कुशीत आणि सगळ्या गावात खोलगट. मागच्या पुरात इथली माणसं गच्च्यांवर बसून होती. मदत येणार, येणार म्हणत होते, पण तिकडे मोठ्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि आपल्याकडे बोटी होत्याच किती? आली मदत, उशिरा आली. तोवर एक म्हातारे गृहस्थ औषधावाचून गेले होते. त्यानंतर सरकारनं एक चांगलं काम केलं. सरकारनं चांगलं काम केलं की तेही सांगावं माणसानं, नुसती बोटं मोडत बसू नये. नदीकाठच्या प्रत्येक गल्लीला अनुदान दिलं आणि म्हटलं, आम्ही पोचेपर्यंत तुमचं तुम्ही सांभाळा. त्या पैशांतून गल्लीला हवा भरायची बोट मिळाली, इंजिन मिळालं, दोर मिळाले, माणशी एक लाइफ जाकीट मिळालं, आणि हे सगळं शिकवायला सरकारी कचेरीतून एक ट्रेनिंगवाल्या बाई मिळाल्या.

समिती नेमायची होती, ती नेमली. शेठ अध्यक्ष झाले, कारण बोलायची हौस. गल्लीतला रिक्षावाला बोट चालवायला शिकला, कारण रस्त्यावरचे खड्डे चुकवणाऱ्याला पाणी काय जड, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सामान टेपमावशीकडे वरच्या खोलीत ठेवायचं ठरलं. तिच्याकडे ठेवलेली वस्तू दिली तशीच परत मिळते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पहिल्या सरावात मात्र गल्लीची शोभा झाली. जाकिटं सगळी एकाच मापाची. त्यांना लांबच लांब पट्टे, ज्यानं त्यानं ओढून आपल्या अंगाला घट्ट करायचे. पण ओढायचे कसे हे कुणाला उमगेना. कुणाचा पट्टा पायात आला, कुणी शेजाऱ्याच्याच बकलात आपला पट्टा अडकवला, आणि शेठ तर स्वतःभोवती गोल गोल फिरायला लागले. ट्रेनिंगवाल्या बाई हसल्या नाहीत, पण एवढंच म्हणाल्या, की पाणी तुमच्यासाठी थांबून राहणार नाही हो. घड्याळात बघत त्यांनी मान हलवली. शेजारच्या गल्लीवाले कठड्यावर बसून बघत होते, ते तर मनसोक्त हसले.

मावशीच्या मनाला ते लागलं. त्याहून जास्त लागले ते लोंबणारे पट्टे. इतका चांगला माल, इतकी पक्की कापडी पट्टी आणि सगळी अशी वाऱ्यावर सोडलेली. तिनं काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन निघाली आणि घरोघर जाऊन एकूण एक माणसाच्या छातीचं, पोटाचं माप घेतलं. शेठच्या पोटाचा घेर तिनं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगितला. शेठ पुढे कित्येक दिवस तिच्याशी घुश्शात होते. मग तिनं प्रत्येकाच्या मापानं पट्टे कापले, टोकं दुमडून दुहेरी शिवण मारली आणि जाकिटावर ज्याच्या-त्याच्या घराची खूण केली. आता ओढायचं नाही, सोडायचं नाही. अंगात घाला, बकल लावा, झालं. उरलेले तुकडे फेकून द्यायला तिचा हात होईना. त्यांचे तिनं भाजीच्या पिशव्यांना बंद लावले आणि गल्लीत घराघरात एकेक पिशवी वाटली.

दुसऱ्या सरावात गल्लीनं सगळ्यांना मागे टाकलं. बाईंनी शिटी वाजवली आणि बघता बघता सगळे जाकिटं घालून रांगेत उभे. बाईंनी घड्याळ बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. पट्ट्यांकडे त्यांनी निरखून बघितलं नाही, आणि आपण होऊन सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हेच मुळी कुणाला वाटत नव्हतं. मावशी त्या दिवशी नुसती मिरवत होती.

आता हिच्या घरातलं सांगायला हवं. मावशीला एकच मुलगा. तो दूर, मोठ्या पुलाच्या बांधकामावर. महिनोन्‌महिने यायचा नाही. घरी सासू आणि सून दोघीच. सून कमी बोलणारी. हो म्हणायची, बरं म्हणायची, आणि त्यापलीकडे तिच्या मनात काय चाललंय याचा मावशीला थांग लागायचा नाही. भांडण असं कधी नव्हतं. पण गप्पांना बसल्यात असंही नव्हतं. सून नवीन आली तेव्हा काडीसारखी होती. जाकिटाचा पट्टा कापताना मावशी तिला म्हणाली होती, की तुझ्या कमरेला तर माझी बांगडीसुद्धा पुरेल.

पहिल्या खेपेला सुनेचं मूल पोटातच गेलं. त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. दोघी एकमेकींना जपून वागायच्या, जपून बोलायच्या, आणि त्या जपण्यानंच दोघींच्या मधलं अंतर वाढत गेलं. मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही, थोडं जरी पोटात दुखलं तरी लगेच या. मुलगा रोज फोन करायचा आणि रोज तेच विचारायचा. मावशीनं त्याला शब्द दिला होता, या खेपेला काही होऊ देणार नाही. आणि ती खरंच तळहातावरच्या फोडासारखं सुनेला जपत होती. सुनेच्या पोटाकडे बघून तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

दुसऱ्या सरावानंतर जाकिटं कुणी अंगात घातली नव्हती. पाणी आलं ते सकाळी, चहाच्या वेळेला. वरच्या धरणातून सोडलंय, असा निरोप कचेरीतून शेठच्या फोनवर आला, तोवर गटारं उलटी वाहायला लागली होती. पण या खेपेला गल्ली बावचळली नाही. ज्याला जे शिकवलं होतं, ते त्यानं केलं. वीज कुणी बंद केली, दोर कुणी बांधले, म्हाताऱ्यांना कुणी वर नेलं. रिक्षावाल्यानं बोटीत हवा भरली आणि मावशीच्या जिन्याला आणून लावली. जाकिटं घ्यायला सगळी गल्ली त्या जिन्यावरच जमली होती. खालचं दुकान तोवर अर्धं पाण्यात होतं, शिवणयंत्रासकट. मावशीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. कारण सून भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पोटात दुखतंय का, असं मावशीनं विचारलं. सुनेनं मानेनंच हो म्हटलं. पुलाच्या चढावर रुग्णवाहिका येऊन थांबली होती. आधी आजारी, गरोदर आणि लहान मुलं, बाकीचे मागून, हे ठरलेलंच होतं. म्हणजे सूनबाईचा नंबर पहिला. मावशीनं खूण बघून तिचं जाकीट काढलं, तिच्या अंगात घातलं आणि बकल लावायला गेली. बकलाची दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली.

मावशीनं पुन्हा ओढलं. ओढायला होतं काय? पट्टा तिनंच कापला होता, दुहेरी शिवण तिनंच मारली होती.  ज्या पोटाकडे ती रोज बघत होती, रोज ते केवढं झालं म्हणून मनात हरखत होती, त्या पोटाला हे जाकीट बसणार नाही, हे तिच्या एकदासुद्धा ध्यानात आलं नव्हतं. तिनं मागे वळून बघितलं, तर सगळ्या जिन्यावर तीच तऱ्हा. पोरं वाढली होती, त्यांची बकलं लागत नव्हती. एक आजोबा आजारपणात इतके वाळले होते, की जाकीट डोक्यावरून निघून येत होतं. बाजूच्या गल्लीतून एक बाई पोराला कडेवर घेऊन आश्रयाला आली होती, तिला तर कुठलंच येईना. सरकारनं दिलेले पट्टे कुणालाही बसले असते. हिनं त्यांना एकेकाच्या नावावर शिवून टाकलं होतं, आणि माणसं काही शिवल्या मापात राहत नाहीत.

जिन्यावर कुणीतरी म्हणालं, राहू दे जाकीट, अशीच बसव तिला. रिक्षावाला मुळीच ऐकेना. एरवी तीन सीटच्या रिक्षात सहा माणसं कोंबणारा हा माणूस, पण बोटीच्या बाबतीत एकदम कडक. चौकात पाण्याला जोराची ओढ आहे, बोट कलंडली तर काय, असं त्यानं विचारलं. बकल लागल्याशिवाय मी कुणालाही घेणार नाही, म्हणाला. लोक त्याच्यावर चिडले. मावशी चिडली नाही. तो बरोबर बोलत होता, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

तेवढ्यात शेठ पुढे आले. त्यांनी आपल्या अंगातलं जाकीट काढलं आणि मावशीच्या हातात दिलं.

"घ्या. माझं पोट कुणाच्या तरी कामाला येईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

कुणी हसलं, कुणाला हसू आलं नाही. ते जाकीट सुनेला नेमकं बसलं. बकल खटकन लागलं आणि मावशीचा जीव भांड्यात पडला. दोघांनी हात धरून सुनेला बोटीत उतरवलं. जिच्याच्यानं श्वास घेववत नव्हता ती दम्याची एक आजीही चढली, दोन लहान मुलं चढली. एक जागा उरली. मावशीच्या अंगातलं जाकीट तिच्या मापाचं होतं, ती इतक्या वर्षांत सुतानंही बदलली नव्हती. रिक्षावाल्यानं तिला हाक मारली, या मावशी, बसा सुनेजवळ.

मावशीनं एक पाय बोटीत ठेवला. आणि मागे जिन्यावर बघितलं. सगळी गल्ली तिथे उभी होती, हातात न लागणारी जाकिटं घेऊन. शिवण उसवून पुन्हा पक्की मारता येणारं माणूस त्या जिन्यावर एकच होतं. हिनं पाय मागे घेतला. कुणाचे आईबाप, कुणाचं लेकरू, तिच्या हातानं अडकवून ठेवलेलं, आणि त्यांना तसंच टाकून आपल्या सुनेमागे जायचं? तिला ते जमेना. पण सुनेला एकटीला पाठवायचं हेही जमेना. काळजाचे दोन तुकडे होणं म्हणजे काय, ते तिला त्या पायरीवर कळलं.

तू हो पुढे, मी आलेच, एवढंच ती कशीबशी म्हणाली.  सुनेनं फक्त बघितलं. बोट वळून चौकाकडे जाईपर्यंत ती मागे वळून बघत होती, आणि त्या नजरेचा अर्थ मावशीनं आपल्या मनानं लावला. मला या हालात घालून ही घरी थांबली, असंच ती म्हणत असणार. म्हणू दे, खरंच आहे ते, असं मावशी स्वतःशी पुटपुटली आणि जिना चढली.

यंत्र पाण्यात होतं, तेव्हा काम हातानंच. वरच्या डब्यात पोती शिवायचं दाभण होतं, मेणाचा दोरा होता, धारदार कात्री होती. मावशी खिडकीशी बसली आणि टाके उसवायला लागली. आणि तुम्हाला सांगते, आपलीच शिवण उसवण्यासारखा जाच नाही. एकेक टाका दात विचकून बसलेला. आपण इतकं चांगलं शिवतो याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. जोडायला पट्टी कुठून आणायची हा प्रश्न होताच. तो शेठनी सोडवला. प्रत्येकानं जरुरीचं सामान त्याच भाजीच्या पिशव्यांतून आणलं होतं. शेठनी एकेकाची पिशवी रिकामी केली, बंद कापले आणि मावशीपुढे ढीग लावला. बाकीच्या बायका सुया घेऊन बसल्या. त्यांना ती टाका कसा घालायचा ते सांगायची, आणि त्यांचं झालं की पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघायची. कुठेही सरकला, की पुन्हा.

दिसायला ती जाकिटं इतकी भयंकर झाली होती, की एरवी मावशीनं ती आपल्या दारात ठेवली नसती. दोरे लोंबत होते, गाठी वर आल्या होत्या. पण बकलं लागत होती. बोट येत होती, माणसं घेऊन जात होती. पलीकडेही रस्त्यावर कमरेइतकं पाणी होतं, म्हणून जाकीट कुणी काढून परत पाठवत नव्हतं. दर खेपेला मावशी रिक्षावाल्याला विचारायची, सून कशी आहे. पहिल्यांदा तो म्हणाला, चढावर पोचवली, नर्सबाईंच्या ताब्यात दिली. पुढच्या वेळी म्हणाला, रुग्णवाहिका दम्याच्या आजीला घेऊन गेली. मग त्यानंतर विचारायचं तिचं धाडस होईना. सून त्याच गाडीत गेली असेल, असं तिनं धरून चाललं. बरं झालं, असं म्हणाली आणि दाभण बोटात घुसवून घेतलं.

वाळलेल्या आजोबांना घट्ट जाकीट मिळालं. बाजूच्या गल्लीतल्या बाईला आणि तिच्या पोराला गावाबाहेर असलेल्यांची जाकिटं मिळाली. शेवटी मावशी आणि शेठ दोघंच उरले. शेठसाठी तिनं सुनेचंच जाकीट मोठं केलं होतं, इतके तुकडे जोडून, की त्यात मूळचा पट्टा शोधावा लागला असता. शेठनी ते घातलं, आरशात बघितलं आणि म्हणाले, नवीन जावई शोभतोय. मावशीनं न हसता त्यांचा पट्टा एकदा ओढून बघितला.

बोटीत बसल्यावर ती शेठना म्हणाली, की गल्लीनं आता माझ्याकडे काही ठेवू नये. ट्रेनिंगवाल्या बाईंना मीच सांगेन, सरकारी माल मी बिघडवला.  शेठ म्हणाले, की सगळी गल्ली तुमच्याकडे माप द्यायला उभी राहिली होती, एकानं तरी नको म्हटलं का? बाईंना सांगायला आपण सगळे जाऊ. मावशीला हे ऐकू आलं, पण ती मनात दुसरंच जुळवत होती. सुनेपुढे काय बोलायचं ते. माझं चुकलं, असं म्हणायचं. माझ्या शहाणपणापायी तुझ्या जिवाशी खेळ झाला, आणि वर तुला एकटीला पाठवलं. पाया पडायची वेळ आली तरी पडायचं. बोट चौकातल्या ओढीत डचमळली, रिक्षावाल्यानं ओरडून दोघांना खाली बसवलं, तरी ती तेच वाक्य घोळवत होती.

चढावर रुग्णवाहिका उभी होती. मावशीला वाटलं, दुसरी असेल. मग नर्सबाईंचा आवाज आला. त्या वैतागून कुणाला तरी रागावत होत्या. दाराच्या पायरीवर सून बसली होती, अंगात अजून शेठचं जाकीट. मावशीला बघून नर्सबाईंनी थेट तिच्याकडेच तक्रार केली. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण दुखणं थांबत नाही, तपासणी व्हायला हवी. पहिल्या फेरीत आजींना पुढे घातलं, गाडी परत आली तर आताही चढत नाही. काय सांगायचं हो हिला?

मावशी धावली. गुडघ्याएवढ्या पाण्यातून धडपडत गेली, सुनेसमोर बसली आणि जुळवून आणलेलं बोलायला तोंड उघडलं. पट्टे, शिवण, माझं चुकलं, असं काहीतरी एकात एक अडकून बाहेर आलं. सुनेनं ते ऐकलंच नसावं. तिनं मावशीचं मनगट धरलं, इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"मागच्या वेळी मी दवाखान्यात एकटीच होते, आई. तुम्हाला गणवेशांचं काम होतं, म्हणून मी पुन्हा बोलावलं नाही. पण मला फार भीती वाटली होती. आता मी एकटी जाणार नाही."

 मागच्या वेळी शाळेचे गणवेश होते, हे खरं होतं. शेवटचे शर्ट उद्या द्यायचेत, तू हो पुढे, मी आलेच, असं मावशी तेव्हाही म्हणाली होती. नेमके हेच शब्द. आणि आज सकाळी बोटीतून सून मागे वळून बघत होती, ती हे आठवून बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, ती नुसती घाबरली होती.

नर्सबाई म्हणाल्या, नातेवाइकांनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं असतं. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती मागे चढली, सुनेला काखेत धरून वर घेतलं, बाकावर निजवलं आणि तिच्या उशाशी बसली. जाकिटाचं बकल सुनेनंच सोडलं. खाली शेठ आणि रिक्षावाला उभे होते. घराचं काय, दुकानाचं काय, किल्ली कुणाकडे, असं काहीतरी ते विचारत होते.

"दार लावा," मावशी म्हणाली. "मी हिच्याजवळ आहे."